‘तिथं बघण्यासारखं आहे तरी काय?’

वाचकाचं पत्र :

“नमस्कार. आम्ही नाशिकचे. मी साठ वर्षांची, हे चौसष्ट, वीज मंडळातून निवृत्त. मुलगा सिडनीत असतो, भाची ॲडलेडला. मे ते जुलै आम्ही तिकडे जातोय. ह्यांनी ठरवलंय की सिडनी ते ॲडलेड स्वतः गाडी चालवत जायचं, आणि तेही समुद्रकाठानं नाही, आतल्या रस्त्यानं, ब्रोकन हिलवरून. नकाशावर लाल पेनानं रेघ मारून ठेवलीय, चार दिवसांचा हिशेबही मांडलाय. मुलगा म्हणतो, ‘बाबा, तिथं बघण्यासारखं आहे तरी काय? नुसती लाल माती. विमानानं दोन तासांत पोचाल.’ रोज व्हिडिओ कॉलवर ह्यावरूनच वाजतं आणि शेवटी दोघंही मलाच विचारतात, ‘तुझं काय मत?’ मी शुद्ध शाकाहारी, गुडघे कुरकुरतात, निर्जन जागेची भीती वाटते. आणि खरं सांगू का? लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण आम्ही दोघंच असे इतके दिवस एका गाडीत कधी बसलोच नाही. बोलायचं तरी काय?
– कात्रीत सापडलेली”

ताई,

पुढच्या वेळी दोघांनी मत विचारलं की सांगून टाका, जायचं. फक्त चार दिवसांत नाही, चौदा दिवसांत.

सिडनी ते ब्रोकन हिल साडेअकराशे किलोमीटर, तिथून ॲडलेड आणखी पाचशेच्या वर. त्याला चारनं भागलं की रोजचे चारशेहून जास्त होतात. समृद्धी महामार्गावर हात बसलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटतो. पण चार दिवसांत गेलात तर तुमच्या चिरंजीवांचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरेल. काचेतून नुसती लाल माती दिसेल, संध्याकाळी पाठ धरलेली असेल आणि ब्रोकन हिलला पोचल्यावर दोघंही एकमेकांवर खेकसत असाल. तोच रस्ता चौदा दिवसांत केलात की ती गावं तुम्हाला भेटतात.

हे मी अनुभवानं सांगतेय. मी सिडनीत बावीस वर्षं राहते. पहिल्यांदा त्या रस्त्यानं गेलो तेव्हा आमच्याकडेही असाच हिशेब होता. जूनचे दिवस. वाटेतल्या डबो गावाहून सकाळी सावकाश आवरून साडेदहाला निघालो आणि विल्कॅनियाला मुक्काम धरला, म्हणजे साडेपाचशे किलोमीटर. तिकडे जूनमध्ये सूर्य सव्वापाच-साडेपाचला मावळतो, हे आम्हाला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. शेवटचे ऐंशी किलोमीटर अंधारात. दोन्ही बाजूंच्या झुडपांत हिरवट डोळे चमकत होते आणि एक कांगारू बॉनेटपासून हातभर अंतरावरून उडी मारून गेला. नवरा चाळीसच्या वेगानं सरपटत होता. गावात पोचलो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती, खानावळीचं स्वयंपाकघर बंद. बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट आणि थर्मासातला कोमट चहा, हे जेवण. त्या रात्री आम्ही एकमेकांशी अक्षरही बोललो नाही. ‘बोलायचं काय’ ह्या तुमच्या प्रश्नाचं ते एक उत्तर झालं. दुसरं पुढे सांगते.

म्हणून पहिला नियम, आणि तो मोडायचा अधिकार यजमानांना नाही : दुपारी चारला गाडी बंद. चारच्या चहाला तुम्ही मुक्कामाच्या गावात असलं पाहिजे. सकाळीही ऊन वर आल्यावर निघा. कांगारू मुख्यतः पहाटे आणि तिन्हीसांजेला चरायला रस्त्याकडेला येतात. शिवाय भाड्याच्या गाडीच्या कितीतरी करारांत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की शहराबाहेर रात्री चालवताना जनावराला धडकलात तर विमा लागू नाही. कच्च्या रस्त्यावर नेलीत तरीही नाही. तो करार घ्यायच्या आधी वाचा, आणि एका शहरात गाडी घेऊन दुसऱ्या शहरात सोडण्याचे वेगळे पैसे पडतात तेही विचारून घ्या. मी सुचवतेय तो सगळा रस्ता डांबरी आहे, साधी छोटी गाडी पुरते. गाडी डावीकडूनच चालवायची, स्टिअरिंग उजवीकडे. तेवढ्यापुरतं परकं काही नाही. नाशिकच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना मात्र काढून न्या.

आता मुलाबद्दल. त्याची काळजी खोटी नाही. पण इथली बहुतेक माणसं किनाऱ्याला चिकटून राहतात आणि त्यांतल्या कितीतरी जणांनी डबोच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नसतं. आतल्या भागाबद्दल त्यांना माहीत असतात त्या बातम्या, आणि बातम्या पूर, दुष्काळ, अपघात ह्यांच्याच होतात. त्याला विरोधी पक्षात बसवू नका. निघण्याआधी एक शनिवार-रविवार बाथर्स्टपर्यंत जाऊन या, दोनशे किलोमीटर. गाडी बाबा चालवतील, मुलगा मागच्या सीटवर बसेल आणि तोंड उघडणार नाही, ही अट. ब्लू माउंटन्सचा घाट बाबा नीट उतरले की त्याचा निम्मा विरोध मावळेल. मुक्कामांची यादी फोन नंबरांसकट त्याच्याकडे द्या आणि ठरवा की फोन पोचल्यावर करायचा, वाटेत नाही. वाटेत फोन लागणारच नाही. गावाबाहेर दहा-पंधरा किलोमीटर गेलं की रेंज जाते, ती थेट पुढच्या गावात येते. तिकडच्या भागात टेलस्ट्राचं नेटवर्क त्यातल्या त्यात सगळ्यांत लांबवर पोचतं. त्याचंच सिम घ्या, नकाशा आधी फोनवर उतरवून ठेवा आणि एक कागदी नकाशाही जवळ असू द्या. यजमानांची लाल रेघ अशी उपयोगी पडेल.

डबोपर्यंतचा भाग मी दोन ओळींत उरकते, तुम्हीही दोन दिवसांत उरका. शेतं, सफरचंदाच्या बागा, गोंडस गावं. छान आहेत, पण ज्यासाठी जाताय ते पुढे आहे.

डबोनंतर झाडं खुजी होत जातात आणि आभाळ मोठं. पहिलं गाव नायंगन, १६५ किलोमीटरवर. बोगन नदीकाठचं गाव. आता गंमत अशी की ‘बोगन’ हा इथल्या बोलीत शिवीवजा शब्द आहे, आपल्याकडचा ‘गावंढळ’ समजा. गावानं काय करावं? २०१५ साली भर गावात एका ‘बोगन’चा उंचच उंच पुतळा उभा केला. बंडी, अर्धी चड्डी, पायांत सपाता, हातात मासे धरायची काठी. लोक मुद्दाम थांबून त्याच्या पायाशी फोटो काढतात आणि मग बेकरीत जातात. ह्याच नायंगनमध्ये एप्रिल १९९० मध्ये पूर आला तेव्हा गावकऱ्यांनी वाळूच्या पोत्यांचा बांध रचून पाहिला, तो टिकला नाही, आणि अख्खं गाव हेलिकॉप्टरनं हलवावं लागलं. चोहीकडे कोरडी जमीन बघत असताना हे ऐकलं की विश्वास बसत नाही. त्या भागात पाणी असंच येतं, वर्षानुवर्षं नाही आणि मग एकदम. पाऊस झाला आणि रस्त्यावर ‘बंद’ची पाटी दिसली तर गुपचूप मुक्काम वाढवा. पाण्यातून गाडी घालण्याचं शौर्य नको. चौदा दिवसांत असे दोन दिवस खपून जातात, चारच्या हिशेबात ते बसत नाहीत.

मग कोबार, १३० किलोमीटर. १८७० मध्ये तांबं सापडलं आणि गाव वसलं. गावाबाहेरच्या टेकडीवरून खाणीचा प्रचंड खड्डा दिसतो. कोबारचा मुक्काम माझ्या लक्षात आहे तो कुकरमुळे.

तर जेवणाचं. आधी शब्दांचा घोळ सांगते. ह्या गावांत ‘हॉटेल’ अशी पाटी दिसली की तो पब असतो. खाली दारू आणि जेवण, वर कधीकधी खोल्या. बिचकू नका. तिथं आजीबाई नातवंडांना घेऊन जेवायला येतात. झोपायचं ते ‘मोटेल’ आणि दुपारचं खायचं ते ‘बेकरी’. पबमधलं रात्रीचं जेवण साधारण सहा ते आठ, त्यानंतर देवही आला तरी वाढत नाहीत. रविवारी-सोमवारी अनेक ठिकाणी तेही नाही. शाकाहारी म्हणून काय मिळेल? उकडलेल्या भाज्या, बटाट्याच्या तळलेल्या काड्या, चीजचा पिझ्झा. बऱ्याच गावांत एखादा क्लब असतो आणि क्लबात चिनी खानावळ, तिथं भाज्यांचा भात मिळतो. पण ‘व्हेजिटेरियन’ एवढ्या शब्दावर विसंबू नका. अंडं त्यात धरतात, आणि भाज्यांचं सूप गोमांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं. एकेक पदार्थाचं नाव घेऊन विचारायचं, हसतमुखानं. ती माणसं वैतागत नाहीत, उलट आत जाऊन आचाऱ्याला विचारून येतात.

पण रोजची ही कसरत तुम्ही कशाला कराल? मोटेलपेक्षा कॅरॅव्हॅन पार्कमधलं, म्हणजे गाडीमागं ओढायच्या फिरत्या घरांच्या तळावरचं, केबिन घ्या. छोटं घरच असतं, शेगडी, फ्रिज, भांडी, बाहेर दोन खुर्च्या. सिडनीत हॅरिस पार्क ह्या देशी दुकानांच्या उपनगरात जाऊन डाळ, तांदूळ, तूप, मसाले, पापड सगळं भरा. भारतातून ह्यातलं काही आणूच नका. विमानतळावर प्रत्येक खाद्यपदार्थ लिहून द्यावा लागतो आणि तूप-खवा तर काढूनच घेतात. कुकर मात्र आणा.

आम्ही कोबारला केबिनमध्ये खिचडी लावली. पार्क शांत, सगळीकडे निवृत्त जोडप्यांच्या कॅरॅव्हॅन. पहिली शिट्टी झाली तशी शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. दुसऱ्या शिट्टीला कुणीतरी कॅरॅव्हॅनचं दार उघडलं. तिसऱ्या शिट्टीला सत्तरीचे एक गृहस्थ लुंगीवजा टॉवेल आणि स्वेटर अशा वेशात, हातात आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन आमच्या दारात उभे! त्यांना वाटलं, गॅस फुटतोय. समजावून सांगेपर्यंत त्यांच्या बाईही आल्या. मग खिचडी चौघांत वाटली गेली, पापड भाजला, तूप बघून त्या बाईंनी “हे काय, वितळलेलं सोनं?” असं विचारलं. जाताना क्वांडॉंगच्या मुरांब्याची बाटली देऊन गेल्या. क्वांडॉंग म्हणजे तिकडचं रानफळ, लालभडक आणि आंबट, आपल्या करवंदांची आठवण येते. ते दोघं घर विकून चार वर्षं रस्त्यावर होते. अशांना इथं ‘ग्रे नोमॅड’ म्हणतात, पिकल्या केसांचे भटके. मे ते ऑगस्ट ह्या रस्त्यावर तुमच्याच वयाचे शेकड्यांनी भेटतील. मुलगा ‘ह्या वयात?’ म्हणाला तर त्याला सांगा, ह्या रस्त्यावर हेच वय चालतं.

कोबार ते विल्कॅनिया हा २६० किलोमीटरचा पट्टा, तुमच्या भीतीतलं ते निर्जन हेच. मध्ये गाव नाही, एमडेल नावाचं एक रोडहाऊस आहे. कोबारला टाकी भरल्याशिवाय निघू नका. एरवीही टाकी निम्म्यावर आली की भरायची, पुढचा पंप उघडा असेल ह्या भरवशावर राहायचं नाही. गाडीत माणशी निदान पाच लिटर पाणी. गाडी बंद पडली तर तिच्या सावलीत बसून राहायचं, मदत शोधत चालत सुटायचं नाही. गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही. आणि तिथला रिवाज असा की रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभं असलेलं वाहन दिसलं की येणारा थांबून विचारतो. समोरून येणारा प्रत्येक जण तुम्हाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलून सलाम करील. हात नाही, एकच बोट, तर्जनी. यजमानांना सांगा, उलट उत्तर द्यायचं. पहिल्या दिवशी त्यांना जमणार नाही, तिसऱ्या दिवशी सवय होईल आणि ॲडलेडच्या गर्दीत शिरल्यावर कुणी बोट उचललं नाही की चुकल्यासारखं वाटेल.

ह्या पट्ट्यात रानबकऱ्यांचे कळप रस्त्यावर येतात. एक ओलांडली की मागून सहा येणार, हे आपल्याला शिकवायला नको. मेलेल्या कांगारूवर गरुड बसलेला दिसला तर वेग कमी करा. हा पक्षी एवढा जड असतो की त्याला उडायलाच वेळ लागतो. आणि ‘रोड ट्रेन’, म्हणजे एका ट्रकला जोडलेले दोन डबे, साडेछत्तीस मीटरपर्यंत लांब. तो पुढे असेल तर ओलांडायचा मोह नको. तुम्हाला कुठे लोकल पकडायचीय? डावीकडे विश्रांतीची जागा आली की थांबा, चहा ओता, त्याला जाऊ द्या. गुडघ्यांसाठीही तासाभरानं उतरून चालायला हवंच. वाटेत बाकडी असलेल्या थांबण्याच्या जागा आहेत आणि गावागावातल्या बागेत सार्वजनिक स्वच्छतागृह असतं, फुकट आणि बऱ्यापैकी स्वच्छ. साठीच्या बाईसाठी एखाद्या देशाची ह्याहून मोठी ओळख कोणती?

विल्कॅनिया. ह्या गावाबद्दल तुम्हाला दहा जण सांगतील की थांबू नका, काचा वर करून निघून जा. मला हे ऐकलं की राग येतो. १८८०च्या दशकात डार्लिंग नदीवरचं हे मोठं बंदर होतं. समुद्रापासून शेकडो मैल आत, पण वाफेच्या बोटी लोकरीचे गठ्ठे भरून इथून सुटत. त्या काळातल्या वालुकाश्माच्या देखण्या इमारती अजून उभ्या आहेत, आणि १८९६ चा लोखंडी पूल, ज्याचा मधला भाग बोट आली की वर उचलला जाई. नदीचं मूळ नाव बाका. त्यावरून इथले मूळ रहिवासी बार्किंडजी, म्हणजे नदीची माणसं. गावात आज तेच बहुसंख्य आहेत. नदीच्या वरच्या अंगाला कापसाच्या शेतांना पाणी उचललं गेलं, दुष्काळ पडले, नदी कित्येकदा डबक्यांवर आली, आणि जिच्या नावानं आपलं नाव आहे ती नदी कोरडी बघणं म्हणजे काय, हे गोदाकाठच्या माणसाला मी काय सांगू? गरिबी आहे, बंद दुकानं आहेत. तुम्ही पुलावर उभ्या राहा, नदी बघा, दुकानातून काहीतरी विकत घ्या, कुणी बोललं तर बोला. माणसांचे फोटो न विचारता काढू नका, बस्स.

विल्कॅनियाहून उत्तरेला ९५ किलोमीटरवर व्हाइट क्लिफ्स. हा फाटा यजमानांच्या रेघेत नसणार, तो तुम्ही घाला. ओपल नावाची रत्नं शोधणाऱ्यांचं गाव. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो म्हणून खाणकाम करणारे जमिनीतच राहायला लागले. आजही बरीच घरं टेकडीच्या पोटात कोरलेली आहेत, आत बारा महिने बावीस अंशांच्या आसपास. वरून बघितलं तर पांढरे मातीचे ढिगारे आणि मधूनच वर आलेल्या हवेच्या नळ्या, जणू घुशींनी पोखरलेलं रान. जमिनीखालचं मोटेल आहे तिथं, दोन रात्री राहा. आणि वीज मंडळातल्या माणसासाठी खास : सूर्याच्या उन्हावर वाफ करून वीज काढणारं केंद्र १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ह्या एवढ्याशा गावात उभं राहिलं. आरशांच्या चौदा मोठ्या तबकड्या होत्या. त्यांच्यापाशी यजमान अर्धा तास हरवतील ह्याची खात्री बाळगा, तुम्ही खुर्ची घेऊन बसा.

ब्रोकन हिलला तीन रात्री, चार झाल्या तर उत्तम. घड्याळ अर्धा तास मागे घ्या. हे शहर न्यू साउथ वेल्समध्ये असून ॲडलेडच्या वेळेवर चालतं. आमच्या फोननं ती भानगड ओळखली नाही आणि आम्ही जेवायला अर्धा तास आधी जाऊन बंद दारासमोर उभे. मे ते जुलैत तिथून भारताची वेळ बरोब्बर चार तास मागे, त्यामुळे नाशिकला फोन करताना सिडनीसारखी साडेचारची वजाबाकी करावी लागत नाही.

१८८३ मध्ये चार्ल्स रॅस्प नावाच्या, मेंढ्यांच्या कुरणाची हद्द सांभाळणाऱ्या गड्यानं इथल्या काळ्या डोंगरावर हक्क नोंदवला. त्याला वाटलं कथील आहे, निघालं शिसं, जस्त आणि चांदी. दोन वर्षांत कंपनी उभी राहिली, तीच आजची बलाढ्य खाण कंपनी बीएचपी. रस्त्यांची नावं खनिजांची आणि रसायनांची : अर्जेंट, ऑक्साइड, क्लोराइड, सल्फाइड. पत्ता सांगताना दहावीच्या रसायनशास्त्राची उजळणी होते. गावाच्या मधोमध खाणीच्या मातीचा काळा डोंगर, त्यावर मेलेल्या कामगारांचं स्मारक. आठशेहून अधिक नावं, आणि प्रत्येकापुढे मरणाचं कारण. दरड कोसळून. पडून. स्फोटात. वाचत वाचत जा, गावातला प्रत्येक व्हरांडा वेगळा दिसायला लागतो. विमानानं आडगावच्या रुग्णांपर्यंत पोचणाऱ्या ‘उडत्या डॉक्टरां’च्या सेवेचा तळही इथं बघायला मिळतो. १९२८ मध्ये क्वीन्सलंडमधल्या क्लॉनकरीला ही सेवा सुरू झाली. तुमच्या गुडघ्यांच्या आणि रक्तदाबाच्या काळजीवर ते एक औषधच आहे, तरी प्रवासाचा आरोग्यविमा आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह गोळ्या बरोबर हव्यातच. डबो आणि ब्रोकन हिलला मोठी रुग्णालयं आहेत.

गावाच्या एका कडेला गंजक्या लाल पत्र्याची एक चिमुकली मशीद आहे. उंटवाल्यांनी बांधलेली. इथं त्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांत बलुची, सिंधी, पंजाबी सगळे होते. रेल्वे-ट्रक येईपर्यंत ह्या वाळवंटात पाणी, पीठ, लोकर, तारेचे खांब, सगळं त्यांच्या उंटांच्या पाठीवरून गेलं. १८६० मध्ये ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेपर्यंत ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी कराचीहून जहाजानं चोवीस उंट मेलबर्नला उतरले आणि त्याच वर्षी ती मोहीम इथून शंभर-एक किलोमीटरवरच्या मेनिंडी गावातून पुढे गेली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात. म्हणजे आपल्याच इलाख्यातून निघालेले उंट त्या तांबड्या मातीतून चालत गेलेत. मेनिंडीची तळी बघायला एक दिवस काढा, पाणी असेल तर पेलिकन पक्षी असतील.

पुढचा रस्ता दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरतो आणि इथं तुमच्या स्वयंपाकघराचा प्रश्न येतो. फळमाशीच्या भीतीपायी ताजी फळं आणि भाज्या हद्दीपलीकडे नेता येत नाहीत. ऊडलाविरा नावाच्या ठिकाणी तपासणी नाका आहे, सापडलात तर दंड. शिजवलेलं चालतं. म्हणून ब्रोकन हिलच्या शेवटच्या रात्री उरलेले टोमॅटो, मिरच्या, फ्लॉवर सगळं एकत्र घालून रस्साभाजी करा. आमच्याकडे तिचं नाव ‘ऊडलाविरा’च पडलंय, फ्रिज साफ करायच्या दिवशी मुलं विचारतात, “आज ऊडलाविरा का?”

शेवटचे तीन दिवस पीटरबरो, टेरोवी, बरा. पीटरबरोला तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ एकत्र येत, यजमान तिथंही अडकतील. बराला १८४५ मध्ये तांब्याची खाण सुरू झाली आणि कामगार चक्क ओढ्याच्या काठात बिळं खणून राहिले. पण तुम्ही गाडीतून लक्ष ठेवा ते ओसाड दगडी घरांवर. छप्पर उडालेली, धुराडं तेवढं उभं. १८६५ मध्ये जॉर्ज गॉयडर ह्या सर्व्हे अधिकाऱ्यानं घोड्यावरून फिरून, झाडोरा बघून नकाशावर एक रेघ मारली : हिच्या उत्तरेला गव्हाच्या भरवशावर राहू नका. नंतर काही वर्षं पाऊस चांगला झाला, लोक त्याला हसले, रेघेपलीकडे शेतं घातली, दगडी घरं बांधली. मग दुष्काळ आला. ती घरं ही त्याचीच. सिन्नर-येवल्याकडचं कुणी तुमच्या माहेरी-सासरी असेल तर त्या घरांपाशी गाडी थांबवाच.

मे-जून तुमच्यासाठी योग्य आहे. रात्री पाच अंशांपर्यंत थंडी उतरते, कानटोपी आणि लोकरीचे मोजे न्या. जुलैत शाळांना सुट्ट्या असतात, जागा मिळत नाहीत, म्हणून त्याआधीच जा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. मला वाटतं, पत्र तुम्ही त्याच्यासाठीच लिहिलंत.

पहिले दोन दिवस तुम्ही मुलाबद्दल बोलाल, मग शेजाऱ्यांबद्दल, मग कुणाच्या लग्नात काय झालं त्याबद्दल. तिसऱ्या दिवशी विषय संपतील आणि कोबारनंतर तासभर कुणीच बोलणार नाही. त्या वेळी गाणी लावू नका. ती शांतता भांडणानंतरची नसते. समोर सरळ रस्ता, दोघंही एकाच दिशेला बघताय, एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नाही. कधीतरी एक जण म्हणेल, “इमू.” दुसरा म्हणेल, “कुठंय?” एवढंच.

आमच्या दुसऱ्या खेपेला आम्ही व्हाइट क्लिफ्सला जमिनीखाली राहिलो. खोलीला खिडकी नाही, पांढऱ्या भिंतींवर कुदळीचे वण. दिवा मालवला तर डोळ्यांसमोर धरलेला हातही दिसेना. आवाज म्हणाल तर आपल्याच कानातला. दहा मिनिटांनी नवरा म्हणाला, “जागी आहेस?” आणि मग त्यानं त्याच्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल सांगायला सुरुवात केली. एकोणीस वर्षांत ज्यातलं अवाक्षर काढलं नव्हतं ते सगळं. मी मध्ये काही बोलले नाही. उजेड असता तर तो बोलला नसता, आणि मीही चहा टाकायला उठून गेले असते. किती वाजले ते कळलं नाही, त्या अंधारात कळायला मार्गच नव्हता.

तिथं बॅटरी उशाशी ठेवून झोपा. स्वच्छतागृह खोलीत नव्हतं, बोगद्यातून बरंच चालत जावं लागायचं, आणि वाटेत दोन वळणं अगदी सारखी दिसतात. आमचे हे पहाटे तीनला दुसऱ्याच जोडप्याचं दार ठोठावून आले.